पडवीतले चार टायर

हिराजीदादाची जीप अष्टमी गावाच्या पुलावर दिसली की मी हातातलं काम खाली ठेवायचो. पूल अर्धा राहिलेला असतानाच तो अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. मग ती उंच चाकांची गाडी सावकाश घरंगळत यायची, मागचे रिक्षावाले हॉर्न मारून कंटाळायचे आणि बरोबर माझ्या गॅरेजसमोरच्या बदामाखाली ती उभी राहायची. ब्रेकचा दिवा शेवटच्या हातभर अंतरात लागला तर लागायचा. मागे पेंढ्यात बसवलेले गणपती असायचे, पेणहून रोह्याकडच्या गावांना निघालेले.

"दादा, ब्रेक कशाला दिलाय गाडीला?" मी विचारायचो.

"तो लोकांसाठी. गणपतीला घाई नसते."

एवढं बोलून तो आधी मागे जायचा, एकेका मूर्तीची बोटं, सोंड, कान बघायचा. मग चहा. मी गिऱ्हाइकांना फार उपदेश करतो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. "मास्तर, आज कोणाला नापास केलंत?" हे ठरलेलं.

तो पेणच्या खाडीकाठचा. तरुणपणी मिठागरावर राबलेला, नंतर खारजमिनीत भात लावायचा आणि जीप चालवायचा. त्याच्या गावाचा रस्ता बांधाच्या कडेने जातो. उधाणाला बांध फुटला की शेतात खारं पाणी शिरतं आणि रस्त्यावर मांडीपर्यंत चिखल होतो. त्या चिखलासाठी त्याने मोठे टायर चढवले होते. हौस म्हणून नव्हे. बाळंतीण, साप चावलेला माणूस, दमा उसळलेली म्हातारी, सगळी त्याच जीपमधून पेणच्या दवाखान्यात गेली. कोणी हात जोडले तर म्हणायचा, "मला नको, बायला जोड. मी नुसता बसलो व्हतो." बाय म्हणजे जीप.

एका श्रावणात तो आला तो पायी चालल्यासारखा दमलेला. नागोठण्याच्या पुढची खिंड उतरताना वळणावर धाटावच्या कारखान्यातून शिफ्ट सुटलेला एक मोटरसायकलवाला समोर आला. गाडी थांबली, पण अगदी त्याच्या चाकाशी. एका मूर्तीची करंगळी तुटली. ती मूर्ती त्याने पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवली होती. चाकांतून करपल्याचा वास येत होता आणि पेडल दाबलं की पाय फळीपर्यंत जात होता.

"मास्तर, मोठ्या टायरला मोठे ब्रेक घातले तर फायदा होतो का नाय, ते सांग."

मी त्याला जात्याचं उदाहरण दिलं. फिरतं जातं मध्यभागी हात दाबून थांबवायचं, म्हणजे ब्रेकचं काम. वरचा दगड जेवढा मोठा आणि जड, तेवढा हात जास्त भाजणार. गाडीत गणपती भरलेले, त्यात उतार, म्हणून ब्रेक तापून ढिले पडले.

"म्हणजे हात दांडगा पायजे. घाल मग दांडगा हात."

त्याचं बरोबर होतं. मोठ्या ब्रेकने फायदा होतोच. ते कमी तापतात, पेडल घट्ट राहतं. गाडी मूळच्या टायरसारखी जागच्या जागी थांबत नाही, पण पुष्कळ सुधारते. मला हे माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही. त्या दिवसांत माझ्याकडे बाहेरगावची पोरं यायची, सुट्टीत चिखलात जीपा नाचवणारी. मोठे ब्रेक बसवून घ्यायची आणि त्या भरवशावर दुप्पट वेगाने जायची. मी हिराजीदादाला त्यांच्या रांगेत बसवलं. अर्ध्या पुलावर पाय उचलणाऱ्या माणसाला.

"ब्रेक मोठे केले की भरवसा वाढतो आणि माणूस जोरात चालवतो," मी म्हणालो.

"मी? जोरात?" तो हसला. "अरे, मला बैलगाडी मागे टाकते."

"कंपनीचे टायर चढव. हे मोठे पुन्हा चढवणार नाहीस, गणपतीसमोर सांग."

मी अर्धं चेष्टेत बोललो. तो हसायचा थांबला. फडक्याने हात पुसले, सीटवरच्या मूर्तीच्या पाटाला बोटं लावली आणि म्हणाला, "नाय चढवणार."

मी टायर बदलले. काढलेले चार त्याने मागे टाकून घरी नेले. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

पुढच्या आषाढात उधाणाला बांध फुटला. गावातले लोक म्हणाले, हिराजी, टायर चढव. ते पडवीतच पडलेले होते. त्याची बायको, कमळावहिनीही म्हणाली. तो म्हणाला, "शब्द दिलाय. मास्तरला दिला असता तर मोडला असता." असे काही दिवस गेले. मग एका दुपारी जेवून उठताना त्याच्या छातीत कळ आली. वहिनीचा भाऊ दत्ता शेजारीच राहतो, त्याने जीप काढली. बांध फुटला होता तिथे ती रुतली. चौघांनी दाराची फळी आणून त्याला तिच्यावर घातलं आणि चिखलातून उचलून नेलं. फळीवरून तो दत्ताला म्हणाला, "बायला आता ओढू नका रे, पाणी उतरलं का काढा." डांबरी रस्ता लागायच्या आधी तो गेला.

वेळेवर पोचला असता तर वाचला असता का, हे मी कोणाला विचारलेलं नाही.

दहाव्याला गेलो. पडवीत चार टायर एकावर एक होते, वरच्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. बायका रडत होत्या. मला रडू आलं नाही. टायरची नक्षी किती झिजलीय ते मी बघत होतो. अजून चांगली होती.

श्रावणात जीप गॅरेजसमोर येऊन थांबली, कचकन ब्रेक लावून. दत्ता चालवत होता. वहिनी उतरली. गणपती बसायचे तिथे ते चार टायर दोरीने बांधलेले.

"भावोजी, हे चढवा. आणि यांना पेलतील असे ब्रेक घाला."

"वहिनी, दादाने शब्द..."

"त्यांनी दिलता. मी नाय दिला." तिचा आवाज चढलाही नव्हता. "रोह्याकडच्या गावांना गणपती पोचवायचं बोललंय. आन् आमच्या गावात अजून माणसं हायत."

मी काम केलं. पुढे मोठ्या डिस्क, मागे नवे ड्रम, पेडलला जोर देणारा बूस्टर. मागे वाळूची पोती भरून आम्ही तिघं खिंडीत गेलो. दत्ता चालवत होता, वहिनी मध्ये, मी दाराशी. उतारावर पुन्हा पुन्हा थांबवून बघितलं. गाडी सरळ थांबत होती, वास नव्हता, पेडल घट्ट होतं.

"थांबते ना?" वहिनीने विचारलं.

"थांबते. आधीपेक्षा पुष्कळ बरी. पण लहान टायरवर थांबायची तेवढ्यात नाही. थोडी पुढे जाऊन थांबते."

"मग दत्ताला तसं सांगा."

मी सांगितलं. अंतर ठेव, लांबूनच पाय उचल. दत्ता "व्हय" म्हणाला. तेवढंच सांगायला लागलं. त्याला कोणाची शपथ घालावी लागली नाही.

येताना पूल अर्धा राहिला आणि दत्ताने पाय उचलला. जीप घरंगळत निघाली. मागे रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. गाडी बदामाखाली येऊन उभी राहिली. दार माझ्या बाजूला होतं, मी उतरल्याशिवाय वहिनीला उतरता येत नव्हतं. माझा हात दाराच्या कडीवर होता, पण मी ती ओढली नाही. वहिनी हात मांडीवर ठेवून बसून राहिली, मला उतरा म्हणाली नाही.