एकच भाव असलेलं दुकान

सौदा मोडायचा नसेल तेव्हाच मी उठतो. हे मला कुणी शिकवलं नाही. रावेरला केळीचे घड डोक्यावर वाहायचो, तेव्हा ट्रकच्या कडेला उभा राहून व्यापाऱ्यांना बघत शिकलो. भाव अडला की एकजण उठून चपला घालतो, चार पावलं जातो, आणि पाचव्या पावलाला मागून हाक येते. "अहो, बसा हो. चहा तरी घ्या." मग दोघांचंही ठरलेलं असतं तिथे भाव येऊन बसतो. त्या हाकेच्या जोरावर मी हमालाचा व्यापारी झालो. आज माझं स्वतःचं पॅकिंगचं शेड आहे, तिथून परदेशी जाणारे खोके भरले जातात. गावात कुणाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा असो की लग्नाचा बस्ता बांधायचा असो, लोक मला सोबत नेतात. मी भांडतो, आवाज चढवतो, आणि पैसे वाचवून देतो.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मुलीला लॅपटॉप घ्यायचा होता, तेव्हा मी सोबत जाणार यात कुणाला काही विचारायचं नव्हतं.

ती धुळ्याला माझ्या मोठ्या बहिणीकडे राहून इंजिनिअरिंग शिकली. शेवटची परीक्षा झाली आणि पुण्याच्या एका कंपनीने तिला पहिल्या चाळणीत निवडलं. घरी बसून एक ॲप तयार करायचं, तीन आठवड्यांत पाठवायचं, त्यांना आवडलं तर नोकरी. ॲप होतं त्या सफरचंदाची खूण असलेल्या महागड्या फोनसाठी. त्या फोनचं काम त्याच कंपनीच्या कॉम्प्युटरवर करावं लागतं, असं तिने मला नीट समजावून सांगितलं होतं. कागदावर लिहूनही दिलं होतं.

"सगळ्यात स्वस्तवाला घेऊ पप्पा. पन त्याच कंपनीचा. दुसऱ्यावर ते होतच नाही."

दुसऱ्यावर होतच नाही. हे वाक्य मी आयुष्यभर विकणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. रोपं विकणारा हेच सांगतो, ठिबकच्या नळ्या विकणाराही हेच सांगतो. माझी पोर ते बोलली तेव्हा मला ते तिचं बोलणं वाटलंच नाही. मला वाटलं, कुणीतरी जाहिरातवाला तिच्या तोंडून बोलतोय.

आम्ही जळगावला गेलो. दुकान काचेचं, आत थंडगार. टेबलांवर मोजून सात-आठ वस्तू मांडलेल्या, बाकी सगळी जागा रिकामी. एवढं भाडं भरून जागा रिकामी ठेवणारा माणूस ते भाडं कुणाच्या खिशातून काढतो, हे मला दारातच कळलं. काळ्या टी-शर्टातला एक विक्रेता पुढे आला. वयाने माझ्या मुलीएवढाच.

"या काका. बजेट किती आहे?"

मला तो प्रश्न बोचला. हमालीच्या दिवसांत मी एकदा पॅन्टचं कापड घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने गठ्ठ्याला हात लावायच्या आधी मला हेच विचारलं होतं, फक्त 'बजेट' हा शब्द न वापरता.

"तू माल दाखव," मी म्हटलं. "बजेट मी पाहतो."

त्याने दाखवला. वहीसारखा पातळ, उचलला तर हाताला वजन लागेना. किंमत पाऊण लाखाच्या वर. साठवायची जागा सगळ्यांत कमी. दुप्पट जागा हवी तर आणखी वीस हजार. मी विचारलं, त्या जादा जागेचा माल केवढ्याचा? तो म्हणाला, ते कंपनी ठरवते. बॅग नाही, माउस नाही. तारा जोडायला भोकं दोनच. आणि मग त्या विक्रेत्याने जे केलं त्याने माझा सगळा हिशेब चुकला. कुणी न विचारता त्याने सगळी सूट सांगून टाकली. विद्यार्थ्यांची एवढी, बँकेच्या कार्डावर एवढी, सगळं जाऊन शेवटचा आकडा हा.

माझ्या धंद्यात पहिल्या वाक्यात शेवटचा आकडा कुणी सांगत नाही. सांगितला तर त्याच्या खाली अजून पाच-सात हजार दडलेले असतात. मी मागितले. तो हसला. मी चार हजार मागितले, मग तीन, मग म्हटलं, निदान बॅग दे.

"काका, आमच्याकडे एकच भाव असतो. जड जात असेल तर हप्ते करून देतो ना."

माझं डोकं सटकलं. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. दुकानातली बाकीची माणसं वळून बघत होती आणि मुलगी माझ्या शर्टाची बाही धरून उभी होती, एवढं सांगतो. मग मी उठलो.

समोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर मी अशा बेताने बसलो की काचेतून मी दिसावा. एक चहा झाला. दुसरा मागवला.

"पप्पा, ते नाही बोलावनार," मुलगी म्हणाली.

"थांब जरा. घाई केली की भाव जातो."

"तिथं तसं नसते. चला ना, मीच जाऊन घेऊन येते. तुम्ही बसा इथं."

"मी एवढा बोललो आन् तू जाऊन घेशील? माझी इज्जत काय राहीन?"

काचेच्या आत तो विक्रेता दुसऱ्या एका बाईंना तोच लॅपटॉप दाखवत होता. त्याने एकदाही रस्त्याकडे पाहिलं नाही. तिसरा चहा मी अर्धा टाकला आणि धुळ्याची गाडी पकडली.

धुळ्याला माझ्या ओळखीचा एक दुकानदार आहे. तिथे मात्र माणसासारखं स्वागत झालं. बसायला गादी, चहा, वर भेळ. दीड तास आमची जुंपली. तो आपल्या पोरांच्या शपथा घेत होता, मी दोनदा उठलो, त्याने दोनदा हात धरून बसवलं. शेवटी पडद्याने मोठा, मेमरीने दुप्पट, दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप, त्यासोबत बॅग, माउस, लॅपटॉपखाली ठेवायचा पंखा आणि एक छोटा प्रिंटर, सगळं मिळून जळगावच्या आकड्यापेक्षा वीस हजारांनी कमी. माझ्या अंगात वारं भरलं होतं. मी तो खोका उचलून मुलीच्या हातात दिला. दोन्ही हातांनी धरावा लागला तिला.

"कसा वाटतो?"

"चालेल," ती म्हणाली.

मी ते होकार म्हणून घेतलं. बहिणीच्या घरी जेवताना मी सगळा सौदा नकलेसकट सांगितला. मेहुणे हसले. बहीण हसली नाही. तीस वर्षं धुळ्यात काढल्यामुळे तिच्या बोलण्यात अहिराणी पुरती मुरली आहे. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, पोरले जे जोयजे व्हतं ते हाईच शे ना?" मी म्हटलं, तिला हवं होतं त्याच्यापेक्षा भारी आहे.

पुढच्या महिन्यात कटाईचा जोर होता. रोज दोन-दोन गाड्या भरायच्या. मुलीचा फोन आला की मी विचारायचो, काम कसं चाललंय, आणि ती म्हणायची, करते आहे. एका रविवारी वसुलीच्या कामाने धुळ्याला गेलो आणि बहिणीकडे डोकावलो. मुलगी घरी नव्हती. बहिणीने कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला आणि समोर बसली. तिचं समोर बसणं मला लहानपणापासून माहीत आहे.

"तिनं ते पुन्यानं काम गयं," ती म्हणाली.

"गेलं म्हंजे?"

मग तिने सांगितलं. तो मोठा लॅपटॉप घरी आला त्याच रात्री मुलीला ठाऊक होतं की यावर ते काम होणार नाही. तरी तिने आठवडाभर इंटरनेटवर वाचून काहीबाही खटपट केली, तो चालता चालता तापायचा आणि बंद पडायचा. मग कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या दादाकडे ते पातळ मशीन होतं, ते मागितलं. तो नोकरीवरून संध्याकाळी यायचा, म्हणून ती रोज सातला त्यांच्या घरी जायची आणि नऊला परत यायची. दोन तासांत जेवढं होईल तेवढं. त्या घरच्या बाईंना ते फार दिवस रुचलं नाही. तीन आठवडे संपले तेव्हा काम अर्धंच झालं होतं. अर्धंच पाठवलं. त्यांचं नकाराचं पत्र आलं.

"मले कोनी सांगितलं का नाही?"

"तुले सांगाले ती भ्याये," बहीण म्हणाली. "तू दुकानवर जाईसन भांडशी, आखो तमाशा. पोर रडनी नही भाऊ. रडती ते बरं व्हतं."

मी ताटावरून उठलो नाही, भाकरी संपवली. वाढलेलं टाकायची मला सवय नाही. पण ती कशी खाल्ली ते माझं मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावात त्या काचेच्या दुकानात होतो. तोच विक्रेता होता. त्याने मला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही, हे मी त्याचं चांगुलपण समजतो. मी तेच मशीन काढायला सांगितलं आणि मुलीला फोन लावला.

"दुकानात आहे बेटा. तोच घेतो आहे. रंग कोन्ता पाहिजे?"

विक्रेत्याने खोका टेबलावर ठेवला.

"नको पप्पा. आता कशाले."

"कामाला येईन."

"माझ्याकडे आहे ना एक. प्रिंटरबी आहे."

हे ती टोमणा म्हणून बोलली की खरंच, मला आजही कळलेलं नाही. मी विक्रेत्याला खोका परत ठेवायला सांगितला.

तिने धुळ्यातच एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी धरली. पगार माझ्या शेडमधल्या मुकादमापेक्षा कमी. मी पैसे पाठवले तर ती नको म्हणायची. मी मात्र त्या काळात एक उद्योग सुरू केला, जो कुणाला सांगितला नाही. जळगाव, धुळे, भुसावळ, जिथे जाईन तिथे त्या कंपनीच्या लॅपटॉपचे भाव विचारायचे. नव्याचे, जुन्याचे. कशासाठी, ते मलाही नीट माहीत नव्हतं. आपण चुकलो नाही, ते मशीन लुबाडणूकच आहे, असं कुणीतरी सांगावं असं वाटत असेल.

तसं सांगणारे भेटलेही. आणि ते खोटं बोलत नाहीत. सगळ्यात खालच्या मशीनमध्ये जागा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे माणूस आपोआप वरच्याकडे सरकतो. हा डाव मी ओळखतो, मीही थोडाफार खेळतो. दुरुस्तीला गेलं की खर्च मोठा. नुसतं टायपिंग करायचं, सिनेमे बघायचे, हिशेब ठेवायचा, तर निम्म्या किमतीचं मशीन पुरतं. कुणी विचारलं तर मी अजूनही हेच सांगतो.

पण मी स्वतः काय विकतो? परदेशी जाणाऱ्या खोक्यातली केळी चवीला काही जास्त गोड नसतात. आमच्याकडे ज्या मालाला वापसी म्हणतात, म्हणजे निवडून उरलेला डागी माल, तो कितीदा जास्त गोड लागतो. तरी खोक्याला भाव जास्त मिळतो. कारण घेणाऱ्याला खोका उघडून बघावा लागत नाही. प्रत्येक फणी सारखी, एकही डाग नाही, माल वीस दिवस बोटीवर राहिला तरी तसाच. तो माणूस केळ्याचे पैसे देत नाही, काळजी न करण्याचे देतो. आणि त्याचं जहाज ठरलेल्या दिवशी सुटणार असेल, तर त्याला दुसरा माल दुप्पट वजनाने आणि वर एक प्रिंटर देऊन उपयोग काय? हे मला माझ्या शेडमध्ये रोज कळत होतं. जी पार्टी भाव पाडायला येते तिला मी स्वतः सांगतो, खोक्याचा भाव एकच. आणि कुणी उठून गेलं तर मीही हाक मारत नाही.

गेल्या दिवाळीत मुलगी घरी आली ती पाठीवर लहानशी पिशवी घेऊन. तिच्यातून तिने ते पातळ मशीन काढलं. जुनं होतं, एका कोपऱ्याला बारीक पोचा होता. शाळेच्या पगारातून घेतलं होतं, नाशिकच्या कुणाकडून. मला न विचारता, मला न नेता. आता पुन्हा एका कंपनीचं तसंच काम मिळवलंय, पंधरा दिवसांत द्यायचंय, म्हणून सुट्टीतही करत बसणार होती. ओसरीवर खाटेवर मांडी घालून बसली. सकाळपासून दुपारपर्यंत चार्जर लावला नाही. मधे दोनदा लाईट गेली, तिला कळलंही नाही.

मी जवळ जाऊन बसलो.

"केवढ्याले पडला?"

तिने स्क्रीनवरची नजर न काढता आकडा सांगितला.

वर्षभर भाव विचारत हिंडलेल्या माणसाला तो आकडा सांगितला तिने. त्या कंपनीचं मशीन जुनं झालं तरी भाव धरून असतं. एवढ्या पैशांत ते तिला कुणी दिलं असणं शक्य नव्हतं. सात-आठ हजार कमी करून सांगत होती. मग मला एकेक आठवायला लागलं. बायको साडीचा भाव सांगते तो, थोरला मुलगा मोटारसायकलच्या दुरुस्तीचा सांगतो तो. माझ्या घरात सगळेच मला भाव कमी करून सांगतात, म्हणजे मी ओरडणार नाही. आणि मी इतकी वर्षं समजत होतो की माझ्यामुळे घरच्यांना घासाघीस जमायला लागली आहे.

खरा आकडा विचारायचं मनात आलं. विचारला असता तर तिने सांगितलाही असता, आता ती मला तेवढी भीत नाही. पण मग तिला काम थांबवावं लागलं असतं.

"स्वस्तात मिळाला," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली, आणि तिची बोटं पुन्हा चालायला लागली.