खांदा कुठल्या चाकाचा?

सेलूच्या माझ्या साडूंइतका मोटारींवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात मिळणार नाही, आणि मिळालाच तर साडू त्याला भांडून पळवून लावतील. दारात दोन गाड्या. एक वडिलांच्या काळातली पांढरी अँबॅसॅडर, दुसरी त्यांच्या लग्नानंतर आलेली चिमुकली लाल आठशे. पाहुण्याने पाण्याचा तांब्या उचलायच्या आत यांची तुलना सुरू. ‘‘साडूभाऊ, आठशे पुढच्या चाकांनी वढती, बैलावानी. अंबासडर मागून ढकलती, हातगाडीवाल्यावानी. आता सांगा, थोर कोण?’’ ओढणारीचं नाव घेतलं तर ते ढकलणारीची बाजू घेतात. ढकलणारीचं घेतलं तर चहा उशिरा येतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. साडूंकडे बैल नाहीत, म्हणून हा मान गाड्यांचा. गाडीचा खांदा कुठला, याचाही निकाल त्यांनी लावलाय: ज्या चाकांवर जोर, तोच खांदा. गेल्या पोळ्याला उत्साहाच्या भरात मी अँबॅसॅडरच्या पुढच्या चाकाला लोणी लावायला गेलो, तर ते कळवळले. ‘‘तिथं न्हाई वो. तिला मागं दुखतंय.’’

येणाऱ्या नातवंडासाठी अंगणात खोली वाढवायची होती, त्यामुळे एक गाडी जाणार होती. महिनाभर तुलना करकरून साडू वाळले. आठशे माझ्या मेहुणीला चालवता येते, म्हणून ती राहिली. त्या संध्याकाळी आम्ही लोणी लावत असतानाच मानवत गावचं गिऱ्हाईक अँबॅसॅडर न्यायला दारात हजर. साडू म्हणाले, ‘‘आत्ताच आवतण दिलंय. जेवल्याबिगर कसं धाडू तिला?’’ गिऱ्हाईक भला माणूस, मुक्कामी राहिला. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळीचा निवद ठेवून साडूंनी स्वतः गाडी मानवतला पोचवली आणि एसटीने परतले.

तेव्हापासून दर शनिवारी ते काही काम नसताना एसटीने मानवतला निघतात. सगळी बस रिकामी असली तरी शेवटच्या बाकावर बसतात. परवा मीही सोबत गेलो. हाडं खिळखिळी झाली. पुढे बसू म्हटलं, तर डोळे मिटूनच म्हणाले, ‘‘हितंच बसा. येष्टी बी मागूनच ढकलती. पाठीला बरं वाटायलंय.’’ मला हसू येत होतं आणि त्यांच्याबद्दल फार वाईटही वाटत होतं.

मानवत आलं. मी उठलो, ते उठेनात. ‘‘गाडी बघायची ना?’’

‘‘तुमी या बघून. लोकाच्या दारात उभी बघवत न्हाई मला.’’

मग मीही पुन्हा बसलो, आणि कंडक्टरकडून दोघांची पुढच्या गावाची तिकिटं घेतली.