ताट कोण धरणार?

“डोकी किती?” रम्याच्या वडिलांनी, फत्तेसिंगांनी विचारलं.

“पाच.”

“पुरुषांचीच ना सगळी?”

रम्यानं कापडाची घडी उलगडली. चिकपेटच्या त्या अरुंद दुकानात हा प्रश्न तिच्या आजोबांपासून विचारला जात होता. उत्तर ठरलेलंच असल्यामुळे ते ऐकायला कोणी थांबत नसे. फत्तेसिंगांनी लाकडी डोक्यावर पांढरं रेशीम चढवलं आणि जरीचा काठ कपाळावर आणून निऱ्या बसवायला घेतल्या. बंगळुरात कुणाचाही सत्कार असो, शाल, हार, फळांची परडी आणि डोक्यावर मैसूर पेटा ही जरीची पगडी हवीच. सत्कार बाईचा असला, तर पेट्याच्या जागी हळद-कुंकू.

लहानपणी याच दुकानात रम्या कापडाला खळ लावायची, काठ सरळ करायची, निऱ्या दाबून धरायची. शेवटचं टोक खोवायची वेळ आली की मात्र अप्पा तिच्या हातातून पेटा काढून घ्यायचे.

“टोक बायकांनी खोवायचं नसतं.”

“का?”

“नसतं.”

ते ‘नसतं’ तिच्या घशात अडकलं ते अडकलंच. समाजशास्त्रात पीएच.डी. झाली, तरी ते खाली उतरलं नाही. विद्यापीठानं सगळ्या शाखांमधल्या स्त्री-पुरुष समानतेचा अभ्यास काढला, तेव्हा ती कंत्राटावर त्यात शिरली. प्रकल्पाचे प्रमुख बिंदुमाधव सर. तेही बंगळूरचेच जुने मराठी, त्यामुळे दोघांचं बोलणं मराठीतच चालायचं.

सरांनी आकडे गोळा केले. कुठल्या विभागात बायका किती, वरच्या पदावर किती, पगार कसा. आकडे बरे निघाले. सर खूश झाले.

रम्या मात्र विभागाविभागांत जाऊन मागच्या खुर्चीवर बसली. कायद्याचा विभाग, कन्नडचा, इंजिनियरिंगचा, संगीताचा. बोलणं सगळीकडे निराळं, भांडणं निराळी. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. पाहुणा आला की पेट्याचं ताट धरून बाजूला बाई उभी. कायद्यात ती कायदा शिकवणारी होती, संगीतात गाणारी. भौतिकशास्त्रात तर राजलक्ष्मी मॅडम, विभागातल्या सगळ्यांत ज्येष्ठ प्राध्यापक. रम्या गेली त्या दिवशी पाहुणा होता त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याच्या डोक्यावर पेटा चढला, टाळ्या पडल्या, आणि ज्यांनी त्याला शिकवलं त्या रिकामं ताट घेऊन पायऱ्या उतरल्या.

“मॅडम, तुम्हाला राग नाही आला?” रम्यानं नंतर विचारलं होतं.

“कशाचा?” मॅडम म्हणाल्या. मग थोडं थांबून, “अगं, कोणीतरी धरायलाच हवं ना.”

रम्यानं त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. सरांनी ते वाचून चष्मा काढला.

“ताटावर प्रकरण? लोक हसतील गं.”

“हसू देत. पण ऐकतील.”

“छापायला नको. असं करू, अहवालाच्या प्रकाशनाच्या दिवशी तूच वाचून दाखव. दहा मिनिटं तुझी. सरी?”

“सरी,” रम्याही कन्नडमध्येच ‘बरं’ म्हणाली. त्या दहा मिनिटांसाठी तिनं बाकी सगळं सोसलं. अहवालाच्या मुखपृष्ठावर सरांसकट समितीतल्या पाच पुरुषांची नावं आली आणि तिचं आत, आभाराच्या पानावर गेलं, तेव्हाही ती बोलली नाही. पेटे तुमच्याच दुकानातले हवेत म्हणाले, ती पाच डोक्यांची ऑर्डरही तिनं घरी दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी फत्तेसिंग स्वतः पेटे घेऊन सभागृहात आले. आपला पेटा कोणी वाकडा घातला तर त्यांना रात्री जेवण जात नसे. मंचामागच्या टेबलावर त्यांनी चांदीचं ताट मांडलं, त्यात पाच पेटे ठेवले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

बिंदुमाधव सर लगबगीनं आले.

“रम्या, कुलगुरूंना लवकर निघायचंय. तुझी दहा मिनिटं मी सांभाळून घेतो, दोन वाक्यांत सांगतो मी. स्वल्प अड्जस्ट कर. तू एवढं ताट धर.”

रम्याला वाटलं, सर थट्टा करतायत. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. थट्टा नव्हती.

“सर, प्रकरण कशावर आहे, आठवतंय ना?”

“अगं, ते वेगळं. हे तुमच्या घरचंच काम की. तुझ्याइतकं नीट कोण धरणार?”

“मी धरणार नाही.”

“मग कोण धरणार?”

“पाच जण आहात. दहा हात आहेत.”

“तमाशा नको गं आता.” सरांनी पडद्याआडून सभागृहात नजर फिरवली. पहिल्या रांगेत राजलक्ष्मी मॅडम बसल्या होत्या. सरांनी नुसती मानेनं खूण केली. मॅडमनी ना विचारलं, ना कपाळाला आठी घातली. पदर सावरून उठायला लागल्या.

एवढ्या वर्षांची ती सवय बघून रम्याच्या अंगाची लाही लाही झाली. ती सरळ मंचावर गेली आणि माइक हातात घेतला.

“मॅडम, बसा तुम्ही,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “ताट टेबलावरच राहू दे. माझं प्रकरण त्या ताटाविषयीच आहे.”

लोक हसले. तिनं वाचायला सुरुवात केली. कायद्याचं वाचलं, संगीताचं वाचलं, तोवर हसणं चालू होतं. भौतिकशास्त्र आलं, विद्यार्थ्याच्या डोक्यावरचा पेटा आला, मॅडमच्या हातातलं रिकामं ताट आलं, आणि हसणं बंद झालं. कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं. बिंदुमाधव सर दोनदा खाकरले. रम्यानं शेवटचं वाक्य वाचलं, मगच माइक सोडला. टाळ्या तुरळक होत्या. त्यात मॅडमचे हात नव्हते. त्या मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या.

मग पाचही जणांनी टेबलावरून पेटे उचलून एकमेकांना घातले. एकाचा कानावर आला, दुसऱ्याचा काठ मागे गेला. फत्तेसिंगांनी डोळे मिटून घेतले.

परतताना मेट्रोत फत्तेसिंगांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, “पाचही वाकडे.”

“माझं वाचलेलं ऐकलंत का अप्पा?”

“ऐकलं. ताट धरलं असतंस तर काय झिजली असतीस?”

“तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात. तुम्ही का नाही धरलंत?”

फत्तेसिंग उठून दाराशी जाऊन उभे राहिले. चिकपेट स्टेशन आलं तेव्हा ते आधी उतरले आणि गर्दीतून पुढे चालत सुटले.

कंत्राट पुढे वाढलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. पुढच्या आठवड्यात राजलक्ष्मी मॅडमचा फोन आला. आवाज हळू होता.

“शुक्रवारी आमच्याकडे पाहुणे येतायत. मला ताट धरा म्हणाले. मी नाही म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं गं.”

रम्याला क्षणभर बरं वाटलं. “मग?”

“मग काय. एम.एस्सी.च्या मुलींना निरोप गेलाय. साडी नेसून या म्हणून. मुलांना काही नाही.”

“मी येते शुक्रवारी.”

“कशाला येतेस? तुझं काम संपलं ना इथलं?”

“आत्ता कुठे संपतंय मॅडम.”

तिनं फोन ठेवला. समोर फत्तेसिंग लाकडी डोक्यावर नवा पेटा बांधत होते.

“ही ऑर्डर कुणाची?”

“विद्यापीठाचीच. भौतिकशास्त्र.” त्यांनी वर पाहिलं नाही. “एकच डोकं आहे. शुक्रवारी न्यायचाय.”

“मी नेते.”

“तुला आत तरी घेतील का आता?”

“पेटा माझ्या हातात असेल. घ्यावंच लागेल.” रम्यानं फळीवरचा पुठ्ठ्याचा खोका काढला आणि फुंकर मारून धूळ उडवली. “आणि ताट नेणार नाही, अप्पा. ज्याला घालायचाय त्यानं खोक्यातून काढून घालावा.”

 पेटा तिच्यापुढे सरकवायचा की नाही, या विचारात फत्तेसिंगांचा हात शेवटच्या टोकावर थांबला होता. रम्यानं वाट पाहिली नाही. तिनं त्यांच्या बोटांखालून ते टोक काढून घेतलं आणि खोवून टाकलं.