चँडलरमधलं लोडशेडिंग

मंडळी, मी इथे अमेरिकेत चिप डिझाइन करतो. दिवसभर व्होल्टेज आणि करंट हाच धंदा. तरी आज आमच्या किचनची लाइट दोनदा गेली!

जेवायला चार फॅमिलीज येणार होत्या. नागपूरहून आलेली आई इलेक्ट्रिक तव्यावर पुरणपोळ्या भाजत होती. मी मायक्रोवेव्हमध्ये आमटी ठेवली आणि मिनिटभरात फट्! ब्रेकर ट्रिप.

भर उन्हात घरामागच्या पॅनेलपर्यंत जाऊन तो चालू केला आणि आईला समजावलं, "अगं, दोन्ही मिळून तीन हजार वॉट झाले. इथे व्होल्टेज आपल्याकडच्या निम्मं, म्हणून तेवढ्याच वॉटला करंट दुप्पट लागतो. या लाइनला वीस अँपिअर झेपतात, आपण पंचवीस ओढतोय."

"म्हणजे लोड जास्त झाला, एवढंच ना? मग एका वेळी एकच लाव की!"

तरी मी चहासाठी गुपचूप इलेक्ट्रिक केटल लावलीच. पुन्हा फट्! तव्यावरची पोळी अर्धी कच्ची.

आता फ्रिजवर आईच्या अक्षरात वेळापत्रक आहे: आधी पोळ्या, मग आमटी, मग भात. केटलचा नंबर पाहुणे गेल्यावर.

तुमच्याकडे लाइट किती वाजता येते?