बसस्टॉपवरचे आपणकाका

“आपण कितवीत?” असं त्यांनी माझ्या मुलीला पहिल्यांदा विचारलं, तेव्हा इराने मागे वळून पाहिलं. पहिलीतल्या मुलीला कुणी ‘आपण’ म्हणत नाही. मागे कुणीतरी मोठं माणूस उभं असेल असं तिला वाटलं. मागे भाजीची रिकामी हातगाडी होती.

“मी?”

“आपणच.”

“पहिलीत. ब तुकडी.”

“छान. नाडी सुटली आहे आपल्या बुटाची. बांधून घ्या, मग चढा.”

त्या आठवड्यातच इरा त्यांना आपणकाका म्हणायला लागली. बसस्टॉपवरची बाकीची मुलं आधीपासूनच म्हणत होती.

आमची वाडी ठाकूरद्वारला. शाळा दादरला. शाळेची बस वाडीत शिरू शकत नाही, म्हणून ती तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर थांबते. सकाळी तिथे आम्ही आया, दोन-चार बाबा, एखादी आजी असे गोळा होतो. काका या गर्दीत कुणाचेच कुणी नव्हते. लग्न केलेलं नव्हतं. एका सॉलिसिटरच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेले. वाडीतली अर्धी घरं कधीकाळी त्यांच्या आजोबांची होती म्हणे. त्यातल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या यांच्याकडे उरल्या होत्या. पण सकाळी आम्ही गाउनवर ओढणी टाकून धावत यायचो, तेव्हा हे इस्त्रीचा शर्ट, मोजे, बूट अशा थाटात उभे असायचे, आणि जवळ गेलं की ओडिकोलनचा वास यायचा.

“काका, तुमचं कोण आहे बसमध्ये?” मी एकदा विचारलं.

“कुणी नाही,” ते म्हणाले. “म्हणून तर वेळ आहे.”

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याला कुणी बोलावलेलं नसतं आणि तो नसला तर चुकल्यासारखं होतं. बस पूर्ण थांबल्याशिवाय काका कुणाला पुढे जाऊ देत नसत. रांग मात्र त्यांची विचित्र होती. काल जो सगळ्यात शेवटी चढला, तो आज पहिला. त्यामुळे खिडकीची जागा फिरत राहायची आणि ढकलाढकली कमी व्हायची. आम्हाला ही रांग कधी कळली नाही, मुलांना बरोबर पाठ होती.

एका सकाळी खिडकीतून कुणीतरी बाटलीतलं पाणी उडवलं आणि काकांचा इस्त्रीचा शर्ट खांद्यापासून भिजला. काका बसमध्ये चढले. बसमधली ताई घाबरून उभी राहिली.

“आपल्यापैकी कुणाची बाटली रिकामी झाली आहे?” काकांनी विचारलं. “प्रवास लांबचा आहे. भरून आणून देतो.”

मग मागच्या सीटवरून एक छोटा हात वर आला. काकांनी खरोखरच समोरच्या हॉटेलातून बाटली भरून आणली. ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला होता. त्यानंतर बसमधून पाणी उडालं नाही असं नाही. पण काकांवर उडालं नाही.

आठवीतल्या अर्णववर मात्र त्यांची मात्रा चालत नसे. अर्णव उंच, चपळ आणि नकलाकार. ‘आपण पुढे व्हा’ हे तो काकांच्या आवाजात इतकं हुबेहूब म्हणायचा, की आम्हालाही हसू यायचं. चालत्या बसच्या खिडकीतून हात काढून तो बाहेरच्या झाडांची पानं तोडायचा. काकांनी एकदा त्याच्या आईला तसं सांगितलं.

“काका, माझ्या मुलाला शिस्त लावायला मी आहे,” ती म्हणाली. “तुम्ही कशाला मनाला लावून घेता?”

“आपलं बरोबर आहे,” काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच उभे होते.

मग आमच्या बाजूचा रस्ता खणला. बस समोरच्या फुटपाथला थांबायला लागली. काही महिन्यांनी खड्डा बुजला, डांबर पडलं, तरी बस समोरच थांबत राहिली. सवय झाली होती आणि वेळ वाचत होता. काका ड्रायव्हरशी बोलले.

“काका, पुढच्या चौकातून टर्न मारून यायचं म्हणजे सिग्नलला किती लटकायला होतं माहितीये?” ड्रायव्हर म्हणाला. “पुढच्या स्टॉपवाले माझी वाट लावतील.”

काकांच्या सांगण्यावरून मी बसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय काढला. बस वाडीच्या बाजूला यावी का? उत्तरं भराभर आली. कशाला, मुलांना दहा मिनिटं आधी उठवावं लागेल. आपण असतोच ना सोबत. एकाने नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकला. मी सगळं काकांना वाचून दाखवलं.

“दुपारी कोण असतं सोबत?” त्यांनी विचारलं.

दुपारी आम्ही ऑफिसात. कुणाची आजी यायची, कुणाची कामवाली, मोठी मुलं तर एकटीच. त्या दिवसापासून काका दुपारीही जायला लागले. समोरच्या फुटपाथवर मुलांना उतरवून घ्यायचं, हात धरून साखळी करायची आणि रस्ता ओलांडायचा. अर्णव साखळीत यायचा नाही. तो दोन हात खिशात घालून मागून यायचा.

एका दुपारी तो मागून आला नाही. बसच्या पुढून एकदम धावत निघाला. बसच्या आडून एक डिलिव्हरीवाला स्कूटरवर येत होता, तो काकांना दिसला, अर्णवला दिसला नाही. काकांनी साखळी, इराला न्यायला आलेल्या माझ्या सासूबाईंच्या हाती दिली आणि पुढे होऊन अर्णवला मागे खेचलं. अर्णव बसच्या चाकापाशी पडला, त्याला खरचटलंही नाही. स्कूटर काकांना लागली.

डिलिव्हरीवाला पोरगेलासाच होता. तो फुटपाथवर बसून रडायला लागला. सासूबाई सांगतात, काका रस्त्यावर पडल्या पडल्या त्याला म्हणाले, “आपली चूक नाही. आपण पाणी प्या.” मग म्हणाले, “मुलांना आधी पलीकडे न्या.”

काकांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. इकडे ग्रुप पेटला. अर्णवला बसमधून काढा, शाळेला लिहा, असल्या मुलांमुळे आपल्या मुलांना धोका. अर्णवची आई ग्रुपमधून बाहेर पडली. शाळेला द्यायच्या अर्जावर सह्या सुरू झाल्या.

मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा हे सगळं त्यांना सांगावं की नाही कळत नव्हतं. सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“माझ्यातर्फे लिहाल का त्यात?” ते म्हणाले. “लिहा. बस आपल्या बाजूला थांबली असती तर धावत ओलांडायला रस्ताच नव्हता. मुलाला काढू नये. बस वळवावी.”

मी तसंच टाईप केलं, खाली त्यांचं नाव घातलं. मग पाण्याची बाटली भरून घेतलेल्या त्या छोट्याच्या आईने लिहिलं, ‘बरोबर आहे.’ त्याखाली आणखी एकीने. त्या अर्जाचं पुढे काही झालं नाही. पुढच्या सोमवारपासून बस चौकातून वळून वाडीच्या तोंडाशी यायला लागली. दहा मिनिटं आधी उठावं लागतं. कुणी तक्रार केलेली नाही.

अर्णव त्यांना भेटायला आला तेव्हा मी तिथेच होते. आईला दाराबाहेर ठेवून तो एकटा आत आला आणि पलंगाच्या पायाशी उभा राहिला.

“सॉरी काका. मला वाटलं, जाईन पटकन.”

“मलाही तसंच वाटलं,” काका म्हणाले.

अर्णवला हसावं की रडावं कळेना. शेवटी रडलाच. “सगळे बघतात. पहिलीतल्या मुलांसारखा हात धरून कसा येऊ?”

काकांनी थोडा विचार केला. “हे माझ्या लक्षात यायला हवं होतं,” ते म्हणाले. “बसा आपण. उभे का?”

तो बसला. मग दोघांनी मिळून हॉस्पिटलची जेली खाल्ली.

काका वाडीत परतले नाहीत. इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि भाची त्यांना ठाण्याला घेऊन गेली. दिवाळीनंतर मी इराला घेऊन भेटायला गेले. तीच शेवटची भेट, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. सहाव्या मजल्यावर मोठी गॅलरी, खाली बाग. वॉकर धरून ते आम्हाला सगळं दाखवत होते.

“इथे बस थेट गेटाच्या आत येते. सिक्युरिटीवाला शिट्टी वाजवतो. एकही मूल रस्त्यावर येत नाही. फार उत्तम व्यवस्था आहे.”

“मग बरं आहे ना काका?”

“बरं आहे,” ते म्हणाले आणि थोड्या वेळाने, “करायला काही नाही.”

निघताना त्यांनी इराला एक पेरू दिला. आम्ही खाली उतरलो. सोसायटीच्या आतला तो रस्ता, दुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. मी पाऊल टाकणार, तोच इराने माझी ओढणी ओढली.

“आई, थांब. काका बघ.”

वर गॅलरीत ते उभे होते. एक हात वॉकरवर, एक हात वर. निरोप देत होते की आम्हाला थांबवत होते, इतक्या खालून कळत नव्हतं. इरा मात्र थांबली, म्हणून मीही थांबले. तळघराच्या उतारावरून एक पांढरी गाडी वर आली, आमच्या समोरून गेली आणि गेटाबाहेर वळली.

वरचा हात खाली आला. मग आम्ही रस्ता ओलांडला.