साहेबांचा राउटर

साहेबांचा राउटर आबांनी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी आणला. कारखाना सुटताना साहेबांनी तो त्यांच्या हातात दिला होता. आमटी सांडली तरी लागू नये म्हणून आबांनी तो रुमालात गुंडाळून डब्याच्या वर ठेवला होता. पिशवी माझ्यासमोर ठेवत ते म्हणाले, "दसऱ्याला परत न्यायचा हाय. सोनं द्यायला जाताना."

मी "बरं" म्हटलं. रुमाल सोडायला मात्र माझे हात तयार नव्हते.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर होते. बरीच वर्षं कंत्राटावरच. त्या वर्षी त्यांचं नाव कायम करण्यासाठी वर गेलं होतं आणि त्यावर साहेबांचा शब्द लागणार होता. घरात हे हळू आवाजात बोललं जायचं. दृष्ट लागेल म्हणून आई शेजाऱ्यांसमोर तो विषयही काढू द्यायची नाही.

मी कोल्हापूरला कॉलेजात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे "पोरगी कॉम्प्युटरला हाय" याचा अर्थ गल्लीनं आपापल्या सोयीनं लावला होता. कुणाचा मिक्सर, कुणाचा टीव्हीचा रिमोट, कुणाच्या मोबाइलमधली गेलेली रिंगटोन, सगळं माझ्याकडे यायचं. मला खरं तर फार येत नव्हतं. घरी एक जुना, दुसऱ्याकडून घेतलेला कॉम्प्युटर होता. तो बिघडायचा, मी घाबरत घाबरत उघडायचे आणि पुष्कळदा तो कशामुळे सुरू झाला हे मलाही कळायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

राउटर घरी यायच्या थोडं आधी आबा मला साहेबांच्या घरी घेऊन गेले होते. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये विंडोज नव्यानं टाकून घेतली होती आणि तेव्हापासून इंटरनेट लागत नव्हतं. मी बघितलं तर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरच घातलेला नव्हता. सीडी ड्रॉवरमध्येच होती. ते काम झालं. आबा सोफ्याच्या कडेला, न टेकता बसले होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला अवघडल्यासारखं झालं.

मग साहेब म्हणाले, "हा राउटर पण सारखा बंद पडतो. दर तासाला उठून चालू-बंद करावा लागतो. ह्याचं काही होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "करंल की. तिला सगळं येतंय."

परत येताना एसटीत मी म्हटलं, "आबा, मला ते येतंय का नाही मला ठाऊक नाही."

"वाचून बघ. तू वाचलंस की तुला येतंय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मी वाचलं. कॉलेजजवळच्या कॅफेत बसून वाचलं. राउटरच्या आत कंपनीनं घातलेलं एक छोटं सॉफ्टवेअर असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. ते काढून त्याच्या जागी दुसरं घालता येतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट मिळणारं. त्यानं असे सारखे बंद पडणारे राउटर सुधारतात, असं अनेकांनी लिहिलं होतं. पण प्रत्येक पानावर ठळक अक्षरांत एक इशाराही होता. नवीन फर्मवेअर आत लिहिलं जात असताना वीज गेली तर राउटर मरतो. तिथले लोक मेलेल्या राउटरला वीट म्हणायचे. तो शब्द वाचल्यावर मी पान बंद केलं आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडलं. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. राउटर मेलाच तर काय करून बघायचं, त्याचीही पानं छापून घेतली. ती लागू नयेत असं वाटत होतं.

ते भारनियमनाचे दिवस होते. लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा. खंडेनवमीच्या दिवशी, सणामुळे लाइट जाणार नाही असं सगळे म्हणत होते, म्हणून मी तोच दिवस धरला. आबा सकाळी कारखान्याच्या पूजेला गेले होते. त्या दिवशी तिथे मशिनी धुऊन पुसून हार घालतात, केळीचे खुंट बांधतात, कुणी मशीन चालवत नाही. घरीही तसंच. आईनं विळी, कात्री, अडकित्ता सकाळीच घासून पाटावर मांडले होते आणि घेवड्याच्या शेंगा ती हातानं मोडत बसली होती.

मी राउटर माझ्या कॉम्प्युटरला जोडला. फाइल निवडली. बटणावर बाण नेला आणि तसाच ठेवला. शेवटी दाबलं. पडद्यावर एक पट्टी सरकू लागली आणि खाली इंग्रजीत आलं की हे चालू असताना राउटर बंद करू नका. पट्टी थोडी सरकली आणि थांबली. मी वाट बघितली. ती हलली नाही. पंखा फिरत होता, म्हणजे लाइट होती. पण पंख्याचा वेग कमी झाल्यासारखा वाटला. मला तिथं बसवेना. मी शेजारच्या चाचांकडे गेले.

चाचा शिंपी होते. त्यांच्या मशिनीवर आईनं सकाळीच दिलेली झेंडूची माळ होती, त्यामुळे तेही आज रिकामे बसले होते.

"चाचा, आज लाइट जाणार काय?"

"सणाला न्हाय जायची म्हणत्यात," चाचा म्हणाले. "पर त्यांच्या म्हणण्यावर मी कधी इस्त्री तापवत न्हाय. का गं? चेहरा का असा? पेपर हाय काय?"

"पेपरच समजा."

"मग इथं काय करतीस? लाइट माझ्या घरातनं सोडत्यात व्हय?"

मी परत आले. आबांच्या चपला दारात होत्या. कारखान्यातली पूजा लवकर आटोपली होती. मी आत गेले तर टेबलावर राउटर नव्हता.

तो पाटावर होता. आबांच्या पान्यांच्या आणि आईच्या विळीच्या मधोमध. ओल्या फडक्यानं पुसलेला, वर हळदी-कुंकवाची बोटं, अँटेनाला झेंडूचं फूल अडकवलेलं. शेजारी त्याची वायर नीट गुंडाळून ठेवलेली. आबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उदबत्ती ओवाळत होते.

"तुझं हत्यार," ते म्हणाले. "सायबाचं असंना का, काम तर तुझ्या हातचं हाय. आमच्या घरात असलं हत्यार पूजंला पहिल्यांदाच बसलंय."

आई म्हणाली, "मी म्हटलं पोरीला येऊ द्या. पर ह्यांना कुठं दम."

"लाइटी लुकलुकत व्हत्या," आबा म्हणाले. "मी हळूच काढली बघ पिन. वडली न्हाय."

मी पडद्याकडे बघितलं. पट्टी नव्हती. पान उघडता येत नाही, एवढंच तिथे लिहिलेलं होतं.

मी नमस्कार केला. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. आबांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

दुपारभर मी त्या खोलीत जात-येत राहिले. पूजेला बसलेली हत्यारं दसऱ्याच्या पूजेशिवाय उचलायची नाहीत, हे आमच्याकडे इतकं पक्कं होतं की त्यावर बोलायचीही कुणाला गरज वाटायची नाही. आबांनी त्या दिवशी नखं काढायलाही ब्लेड कधी घेतलेलं मला आठवत नाही. राउटर मेला आहे की जिवंत, हे लाइटला जोडल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि उद्या पूजा होऊन, तो उचलून, लगेच साहेबांकडे न्यायचा होता. साहेब तो जोडणार, एकही दिवा लागणार नाही, आणि आबा सोफ्याच्या कडेला बसलेले असणार. मी पुन्हा पुन्हा तेवढंच बघत होते. आबांना सांगावं तर त्यांनीच पिन काढली होती. न सांगावं तर उद्या.

मी आईला विचारलं, "पूजेतली एखादी वस्तू मधेच लागली तर?"

"कशाला लागंल?" आई म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून तिनं शेंगांचं ताट खाली ठेवलं. "काय झालंय?"

मी तिला सांगू लागले. आबा दारात उभे होते हे मला माहीत नव्हतं.

"म्हंजे मी काढला तवा मोडला?" त्यांनी विचारलं.

"मोडलाच असेल असं नाही. बघितल्याशिवाय कळत नाही, आबा."

ते आत आले. पाटाजवळ जाऊन बसले. मी तोवर आबांना रागावलेलं बघितलं होतं, दमलेलं बघितलं होतं. घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी हात मांडीवर पुसले, पुन्हा पुसले. राउटरकडे ते असे बघत होते की जणू तो आपणहून काही सांगणार आहे. मला वाटत होतं त्यांनी मला ओरडावं. दार का लावून घेतलं न्हाईस, म्हणावं.

"दुरुस्त हुतंय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"करून बघता येतं. पण त्याला आजच—"

"आवं, पूजा," आई म्हणाली.

आबांनी तबकातल्या अक्षता घेतल्या. गणपती विसर्जनाला नेताना आधी मूर्तीवर अक्षता टाकून ती जागची हलवतात, तशा त्यांनी त्या राउटरवर टाकल्या आणि दोन्ही हातांनी तो इंचभर सरकवला. बाकी कशाला हात लावला नाही. डोळे मिटून ओठांत काहीतरी म्हणाले. मग राउटर उचलून मला दिला. पाटावर पान्यांच्या आणि विळीच्या मध्ये जागा मोकळी राहिली. आईनं तिथे एक सुपारी ठेवली.

मी झेंडूचं फूल काढलं आणि फटींतले तांदूळ झटकले. जोडल्यावर एकच दिवा लागला, आणि तोही भराभर उघडझाप करत राहिला. छापलेल्या पानांत नेमकं हेच लक्षण लिहिलं होतं. उपायही होता. राउटरला लाइट मिळाल्यावर पहिले काही क्षण तो बाहेरून येणारी फाइल आत घ्यायला तयार असतो. तेवढ्यात ती पाठवता आली तर तो उठतो. पण त्यासाठी एकानं पिन लावायची आणि दुसऱ्यानं त्याच वेळी कीबोर्डवर तयार असायचं.

"मी लावतो पिन," आबा म्हणाले. "कवा लावू सांग."

"आता."

उशीर झाला. पुन्हा काढली. पुन्हा "आता." या वेळी मी घाई केली, कॉम्प्युटरला राउटर अजून दिसलाच नव्हता. आबा बोर्डापाशी उकिडवे बसले होते, एक हात पिनेवर. प्रत्येक वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत आणि मी नाही म्हणून मान हलवली की गुमान पिन काढत. मी बोटं ओढणीला पुसून पुन्हा कीबोर्डवर ठेवली. बाहेर चाचांचा आवाज आला, ते आईला विचारत होते, "पोरीचा पेपर कसा गेला?" आई म्हणाली, "चालू हाय अजून."

मग एकदा, का ते मला सांगता येत नाही, फाइल गेली. पडद्यावर एक ओळ आली. मी आबांना म्हटलं, "आता पिनेला हात लावू नका." त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ते उठले आणि पाठ दाराकडे करून उंबऱ्यात उभे राहिले. आई आत येऊ लागली तर हातानंच तिला थांबवलं. पंखा फिरत होता. आम्ही दोघंही पंख्याकडे बघत होतो.

दिवे एकेक करून लागले. मी राउटरचा पत्ता टाकला तेव्हा नव्या फर्मवेअरचं पान उघडलं. आबांनी विचारलं, "झालं?" मी मान डोलावली. ते उंबऱ्यातच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी राउटर जोडला, थोडा वेळ वापरून बघितला आणि "छान" म्हणाले. आबांनी त्यांच्या हातावर सोनं ठेवलं. बाकी काही बोलणं झालं नाही. आबा कायम झाले ते बऱ्याच महिन्यांनी, आणि आता मला वाटतं की त्याचा राउटरशी काही संबंध नसावा. तेव्हा तसं म्हणायची हिंमत आमच्या घरात कुणाची नव्हती.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी बदलली. लेथवर लालभडक चुरा उडत असताना न बिचकणारे आबा माझ्या टेबलाजवळ यायला बिचकू लागले. केर काढतानाही टेबलाखालची जागा सोडून द्यायचे. पुढच्या खंडेनवमीला मी पुस्तक वाचत बसले होते. कॉम्प्युटर बंद होता. आबा धुतलेला सदरा घालून दारात आले आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"कीबोर्ड न्हेऊ काय पूजंला?"

"न्या की, आबा. सगळं बंद आहे."

"तूच काढून दे," ते म्हणाले, आणि मी उठून वायर काढेपर्यंत आत आले नाहीत.