पिंडाला दिलेला शब्द

माझ्या नवऱ्याची आमदारकी कावळ्यानं खाल्ली असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. त्या कावळ्याबरोबर पाच वर्षं संसार मी केलाय, त्यांनी नाही.

आमचा पौडला मंडपाचा धंदा. लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणाचं तेरावं, मुळशीत खुर्ची लागली की ती आमचीच. त्यामुळं सगळा तालुका ह्यांना ओळखायचा. विधानसभेला दोन मोठे पुढारी एकमेकांना पाडायला इरेला पेटले, ह्यांनी आपला मित्रांच्या नादानं अपक्ष अर्ज भरला, आणि दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात ते अक्षरशः झालं. निकालाच्या दिवशी हे त्यातल्याच एका पुढाऱ्याच्या विजयी सभेचा मंडप बांधत होते. बातमी आली तेव्हा हातात सुतळी होती. त्याच मंडपात मग ह्यांचा सत्कार झाला, आणि सत्कार झाल्यावर ह्यांनीच त्या मंडपाच्या दोऱ्या सोडल्या. सवय!

शाळेत नागरिकशास्त्रात मी वाचलं होतं की आमदार कायदे करतो. आमचे आमदार सकाळी उठून दशक्रियेला जायचे. एक नदीच्या घाटावर, दुसरी पलीकडच्या गावात, जमलं तर जाता जाता तिसरी. आमच्याकडं दशक्रिया भाषणाशिवाय होत नाही. महाराजांचं प्रवचन झालं की माइकवर सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, सगळे रांगेनं श्रद्धांजली वाहतात. जिवंतपणी ज्याच्या तोंडाला कुणी लागत नव्हतं तो घाटावर देवमाणूस होतो. हे घरी येऊन अंगणातच बादलीभर पाण्यानं अंघोळ करायचे आणि मी विचारायचे, "आज किती जणांना स्वर्गात पोचवलंत?" तेव्हा हसायचे. पुढं ते हसणं गेलं.

कारण त्यातली एक दशक्रिया आमच्या घरात शिरली ती शिरलीच. ओढ्यापलीकडच्या एका लहानशा वाडीतले आबा वारले होते. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीचा जगाशी संबंध तुटायचा. मिठापासून काडेपेटीपर्यंत सगळं आधीच भरून ठेवायला लागायचं. आबांची बायको माझ्या माहेरच्या नात्यातली, मी त्यांना मावशी म्हणते. म्हणून मीही घाटावर गेले होते.

पिंड ठेवले. शेजारी आबांची आवडती भाकरी, पिठलं, कपभर चहा आणि तंबाखूची पुडी. उंबरावर कावळे मायंदाळ, पण खाली एक येईना. आता जिवाला काहीतरी घोर लागलाय म्हटल्यावर एकेक जण पुढं होऊन शब्द द्यायला लागला. थोरला लेक म्हणाला, "आबा, आईला सांभाळीन." कावळे ढिम्म. धाकटा म्हणाला, "दारू सोडतो." एका कावळ्यानं चक्क पाठ फिरवली. मग भावकीतला एक चुलतभाऊ घाम पुसत उठला. "तुजा बांध कोरलाय मी. सोडतो. झालं समाधान?" ज्या बांधावरून इतकी वर्षं कोर्टात भांडण चाललं होतं, तो ह्या गड्यानं कावळ्यापुढं कबूल केला. तरी कावळा येईना.

ऊन चढलं. तिकडं आमटी-भात गार व्हायला लागला. गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा वळायला बसले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सायेब, आता तुमीच बोला! तुमच्याबिगर काय खरं न्हाई!"

हे पुढं झाले. टोपी नीट केली, हात जोडले. "आबा, तुमच्या वाडीला पूल करून देतो. माझ्याच आमदारकीत देतो. तुम्ही बिनघोर या."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात, तसं झालं. शब्द तोंडातून पडतोय तोच एक कावळा सरळ खाली उतरला आणि भाकरीला चोच लावली. बायका रडायला लागल्या. कुणीतरी भान विसरून "विजय असो!" अशी घोषणा दिली, आणि दशक्रियेत दोन-चार जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सगळ्यांचे मोबाइल वर होतेच. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला.

मग काय विचारता! कावळ्यांना सवय लागली म्हणा नाहीतर माणसांना, पण आमदार आल्याशिवाय पिंडाला कावळा शिवेना. घरचे लोक तोंडातून शब्द काढायचे नाहीत, सगळं ह्यांच्यासाठी राखून ठेवायचे. गेलेल्यांच्या शेवटच्या इच्छाही एकाएकी मोठ्या झाल्या. कुणाला मेल्यावर व्यायामशाळा हवी होती, कुणाला नातू हिंजवडीच्या कंपनीत चिकटायला हवा होता. जन्मभर चुलीपुढून न उठलेल्या एका आजीची शेवटची इच्छा म्हणे गावात क्रिकेटचं मैदान व्हावं अशी होती. एका गावात ह्यांनी पाण्याच्या टाकीचा शब्द दिला तरी कावळा येईना, तर मागून आवाज, "सायेब, टाकी मोठी म्हना की!" ह्यांनी मोठी म्हटलं आणि आला की मेला कावळा! मी घरी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "अहो, उद्या एखाद्याचा आत्मा मेट्रोत अडकेल. मग काय करणार?"

ह्या बाकीच्या शब्दांना हे "बघू, करू" म्हणून मार्गी लावायचे. सगळे पुढारी लावतात. पण तो पहिला शब्द काही ह्यांच्या मनातून जाईना. जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "एवढं काय त्या पुलाचं?" तर म्हणाले, "जित्या माणसाला फसवलं तर तो पुढच्या मतदानाला उट्टं काढतो. फिटलं. ह्या माणसाला मी कुठं तोंड दाखवू?"

"वर गेल्यावर," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. ताट तसंच सारून उठले.

मुंबईत साहेब लोकांनी सांगितलं की एवढ्याशा वस्तीला पूल निकषात बसत नाही. हे म्हणाले, "कावळा शिवलाय हो." मी सोबत होते, शरमेनं खाली बघत होते. तर त्या अधिकाऱ्यानं चष्मा काढून हळूच विचारलं, "व्हिडिओ आहे?" बघितला, मोबाइललाच हात जोडले, आणि फाइल परत दिली. श्रद्धा श्रद्धेच्या जागी, निकष निकषाच्या जागी! ह्यांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा परत आला. सभागृहात पाच वर्षांत ह्यांचं धड भाषण झालं ते एकच, आणि तेही ह्या पुलावर. सुरुवातच "दिवंगत आबांच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून" अशी केली. अर्धं सभागृह शोकप्रस्ताव समजून उभं राहिलं. मग खाली कसं बसायचं ते कुणाला कळेना. हे आपले ओढ्याची रुंदी सांगताहेत आणि समोर माना खाली घालून माणसं उभी!

इकडं आमच्याच मतदारसंघात, हिंजवडीशेजारच्या मारुंजीच्या सोसायट्यांत नळाला पाणी नव्हतं. टँकरवर टँकर चालले होते, आणि ह्यांच्या मोबाइलवर 'डिअर सर' करून इंग्रजीत निरोपांचा पाऊस. मी म्हणायचे, अहो, तिथं मतं ढिगानं आहेत, वाडीत चार घरं. हे म्हणायचे, "त्यांच्याकडं कुणी वारलंय का?" आता ह्याच्यावर बायकोनं काय बोलावं? मी भांडी आपटायचे.

पूल झाला. शेवटच्या वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर, पण झाला. वाटेत कितीजणांच्या पाया पडले आणि कितीजणांशी वैर घेतलं ते मलाच माहीत. आणि निवडणुकीत हे सपाटून पडले. मारुंजीनं पाडलंच, पण ज्यांच्या घरच्या पिंडांना ह्यांनी शब्द दिले होते त्या गावांनीही पाडलं. निकालाच्या दिवशी मी मोठ्यानं रडले. हे पलंगावर बसून म्हणाले, "आबाचा शब्द तर पाळला ना? मग झालं." मला भयंकर राग आला होता. आणि खोटं कशाला बोलू, ऊर भरूनही आला होता. असा माणूस मी पदरात पाडून घेतलाय, असं वाटलं.

पुन्हा मंडप सुरू केला. लोक अजून 'आमदार' म्हणूनच हाक मारतात, आमच्याकडं ते पद एकदा चिकटलं की सुटत नाही. सासरी दिलेल्या लेकीला भेटायला जावं तसे हे मधूनमधून पुलाला भेटायला जायचे. कठड्यावरून हात फिरवायचे, खाली वाकून खांब बघायचे. परत आले की दोन घास जास्त जेवायचे. मला तेवढं पुरे होतं.

यंदा दिवाळीनंतर मीही सोबत गेले. पूल ओलांडला तर वाडी ओळखू येईना. जिथं तिथं तारेचं कुंपण, फार्महाउसच्या प्लॉटचे फलक, आणि नव्या कोऱ्या गाड्या लावून मोबाइलवर बोलणारी माणसं. आबांच्या दारात टेम्पो उभा. गाद्या, हंडे, पाट्याचा दगडसुद्धा चढवलेला. थोरला लेक दोरी आवळत होता. मावशी ओट्यावर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, कुठं निघालात?" ह्यांनी विचारलं.

"मारुंजीला. पोरांनी तितं फ्लॅट घेतलाय. हितली जमीन इकली."

"अहो, आता तर कुठं पूल झालाय!"

"पूल झाला म्हनून तर इकली, जावईबापू. आदी वड्यातून यायला कोन धजत न्हवतं. आता रोज गाडी. पैल्या गाडीला मी न्हाई म्हनलं, दुसरीला न्हाई म्हनलं. किती गाड्यांना न्हाई म्हननार? पोरं आयकंनात."

हे कासावीस झाले. "पण आबांचा जीव पुलात अडकला होता ना?"

"पुलात?" मावशी ह्यांच्याकडं बघतच राहिल्या. "जल्मभर तेंनी पूल हुऊ दिला न्हाई. मोजनीला आल्याली मानसं दोनदा हाकलून दिली हुती. वड्याला पानी हाय तवर जमीन आपली, आसं म्हनायचे."

"मग कावळा?"

"उपाशी आसंल त्यो. उनं किती झाली हुती."

हे तिथंच ओट्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "मावशी, मी तिथंच तर होतो. तेव्हाच सांगायचं ना हो!"

मावशींनी पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि लेकाच्या हाताला धरून टेम्पोत चढल्या.

"तुमी समदी झाडाकडं बघत हुता, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मला कुनी इचारलं?"